घरातील संगणकाची चाळणी

पीठ चाळताना कोंडा वर राहतो व पीठ खाली उतरते. चाळणीची भोके मोठी असली तर कोंडाही उतरतो. फार बारीक असली तर चांगले पीठही वर अडकून राहते. मुलांच्या हिताकरिता घरातील संगणकावर इंटरनेटची जी चाळणी बसवितात, तिचा गुणधर्मही असाच आहे.

ही चाळणी कार्य कसे करते? इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला अंकांचा एक पत्ता असतो. माणसाच्या ध्यानात अंकांपेक्षा नावे अधिक राहतात. म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था योजिली. तीच ‘डीएनएस’ होय. आपण संकेतस्थळाचे नाव लिहिले, की संगणक प्रथम डीएनएस सर्व्हरला त्याचा पत्ता विचारतो आणि मगच तेथे पोहोचतो. पत्ता सांगणाऱ्यानेच अनिष्ट स्थळाचा पत्ता दिला नाही, तर वाट तेथेच खुंटते.

असे काही सर्व्हर सर्वांस विनामूल्य खुले आहेत. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२० साली सुरू केलेला १.१.१.३ हा त्यांपैकी एक. तो अश्लील व घातक स्थळांचे पत्ते देत नाही. हा अंक राउटरमध्ये नोंदविला, की घरातील वाय-फायवरील बहुतेक यंत्रांस चाळणी लागू होते. राउटरचा पासवर्ड मात्र बदलून वडीलधाऱ्यांपाशीच ठेवावा. मुलांस संगणकावर वेगळे खाते द्यावे व त्यास ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे अधिकार देऊ नयेत, म्हणजे मूल ही मांडणी सहज बदलू शकत नाही.

तथापि ही चाळणी केवळ स्थळाचे नाव पाहते. आतील एकेक पान तिला दिसत नाही. मोबाइलच्या डेटावर घरच्या राउटरची सत्ता चालत नाही. शिवाय ब्राउझरला पत्त्याची विचारणा गुप्त रूपाने भलत्याच सर्व्हरकडे करता येते. त्या पद्धतीचे मानक २०१८ साली प्रसिद्ध झाले. म्हणून ब्राउझरमधील ‘सिक्युअर डीएनएस’ची मांडणीही तपासून पाहावी.

दुसऱ्या प्रकारची चाळणी मजकुरातील शब्द तपासते. तिचा दोष उलट आहे. १९९६ साली इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन ह्या सेवेत नाव नोंदविता येईना. कारण गावाच्या नावातील काही अक्षरे मिळून एक अश्लील शब्द होतो! यंत्राला अक्षरे कळली, गाव कळले नाही. स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधणाऱ्या मुलीचीही वाट अशीच अडू शकते. अशा वेळी योग्य स्थळास मुभा देण्याचे काम घरातील मोठ्या माणसांनीच करावयाचे असते.

चाळणी अवश्य बसवावी; पण ती का बसविली, हेही मुलांस सांगावे. तिच्यातून काही अनिष्ट निसटून डोळ्यांसमोर आलेच, तर मुलाने ते न भिता आईवडिलांस सांगावे, एवढा विश्वास घरात असला पाहिजे. चाळलेले पीठही जाणती गृहिणी एकदा हाताने पाहून घेतेच.