नन्हेडचे सार्वजनिक घर

‘पब’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पुण्या-मुंबईतले एखादे अंधारे दालन, कानठळ्या बसवणारे संगीत आणि रंगीत दिव्यांची उघडझाप डोळ्यांपुढे येते. मूळ शब्द मात्र अगदी साधा आहे. ‘पब्लिक हाऊस’, म्हणजे सार्वजनिक घर, याचेच ते लघुरूप. गेल्या सुट्टीत मावशीकडे लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा असे एक घर मी पाहिले. महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय कुणाला चमत्कारिक वाटेल. मद्यपानाची भलावण करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. (काकांनी माझ्यासाठी अर्धा पाइंट मागवला होता आणि तो मी सावकाश संपवला, हे मात्र प्रांजळपणे सांगून टाकतो.)

आग्नेय लंडनमध्ये नन्हेड नावाची वस्ती आहे. प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाहीत. राहत्या घरांच्या रांगेत ‘आयव्ही हाऊस’ उभे आहे. “चल, तुला इथला पार दाखवतो,” असे म्हणून काका मला तेथे घेऊन गेले. १९३० च्या दशकात ट्रूमन या मद्य-कारखान्याने ते बांधले. आत भिंतींना लाकडी तक्तपोशी आणि एका दालनात चक्क रंगमंच! १९७० च्या दशकात, ‘न्यूलँड्स टॅव्हर्न’ या नावाने ओळखले जात असताना, इयन ड्यूरी, एल्व्हिस कॉस्टेलो असे पुढे नावारूपाला आलेले गायक या मंचावर गाऊन गेले.

बसल्यावर मी वेटरची वाट पाहू लागलो. काका हसले. “अरे, इथे कोणी येत नाही. आपणच उठायचं.” ग्राहकाने फळीपाशी जायचे, मागायचे, पैसे द्यायचे आणि पेले स्वतः उचलून आणायचे. फळीपुढे रांग नसते. पण कोण आधी आला हे पलीकडच्या माणसाच्या बरोबर ध्यानात असते आणि कोणी पुढे घुसू पाहिले तर शेजारचाच त्याला अडवतो. मित्रांची टोळी असेल तर एकाने सर्वांसाठी आणायचे, मग दुसऱ्याने. या ‘फेरी’तून अंग काढून घेणाऱ्याची वस्तीत जी किंमत होते, ती आपल्याकडे चहाचे पैसे देण्याच्या वेळी नेमका बुटाचा बंद बांधायला बसणाऱ्या मित्राची होते! एका टेबलाशी आजीबाई शब्दकोडे सोडवत होत्या, त्यांच्या पायाशी कुत्रा झोपला होता.

फळीवर लाकडी मुठींचे उंच दांडे होते. ते काय म्हणून मी विचारले आणि काकांना विषय मिळाला. ते हातपंप. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९७ साली अशा पंपाचे पेटंट घेतले होते. दांडा ओढला की तळघरातल्या पिंपातून ‘रिअल एल’ वर येते. आता ही ‘अस्सल’ एल म्हणजे काय, हे नीट समजून घेण्याजोगे आहे.

मोड आणून भाजलेले जव, पाणी, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि यीस्ट यांपासून बिअर होते. कारखान्यातली सर्वसाधारण बिअर पुढे गाळतात, बहुधा तापवून निर्जंतुकही करतात आणि विक्रीच्या वेळी वायूच्या दाबाने वर ढकलतात. अस्सल एल गाळत नाहीत. यीस्ट जिवंत असतानाच ती पिंपात भरतात आणि पबच्या तळघरात पोहोचल्यावरही ती आंबतच असते. रात्री झाकून ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी फुगलेले असते ना, तसाच हा प्रकार. पिंप घोडीवर आडवे ठेवायचे, वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी मारायची, म्हणजे जादा वायू हळूहळू निघून जातो. तो पुरेसा गेला की कठीण खुंटी ठोकून उरलेला आत कोंडायचा. गाळ खाली बसायला एखाद-दोन दिवस लागतात. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ घालतात. (शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी!) तळघर साधारण बारा अंशांवर राखावे लागते. इंग्रजांची बिअर कोमट असते असा जो प्रवाद आहे तो खरा नव्हे. बर्फासारखी नसते इतकेच.

एका दांड्यावर ‘इंडिया पेल एल’ अशी पाटी पाहून मला मौज वाटली. पूर्व लंडनमधील बो येथील हॉजसन यांच्या कारखान्याची फिकट, कडवट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कलकत्ता-मुंबईच्या साहेबलोकांकडे जात असे, त्याची ही आठवण. हॉजसनने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली ही मात्र दंतकथा. तसली बिअर आधीही होत होती.

१९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी तळघराची ही सारी उस्तवार टाळून वायूच्या बिअरचा धडाका लावला. त्याविरुद्ध १९७१ साली चार मित्रांनी ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभारली. पिण्याच्या पदार्थासाठी कसली चळवळ, असे मलाही प्रथम वाटले. पण खरी गोम पुढे आहे. पिंपातून एल काढली की रिकाम्या जागेत हवा शिरते आणि तीन-चार दिवसांत ती आंबट होते. नेहमीच्या वापरातले लहान पिंप ‘फर्किन’, ते ९ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंटांचे. तेव्हा रोज निदान वीस-पंचवीस पेले खपलेच पाहिजेत, तेही प्रत्येक पिंपाचे. वस्तीतली माणसे नेमाने आली तरच हे जमते. माणसे कमी झाली की एल नासते, एल नासली की उरलेलेही येईनासे होतात. उलट बाजूने, पब बंद पडला तर हातपंपाची ही एल वस्तीत दुसरीकडे मिळायची नाही, कारण तळघर आणि ते सांभाळणारा माणूस दुकानात कोठून असणार?

आणि पब बंद पडताहेत. सुपरमार्केटातली स्वस्त बिअर, २००७ पासूनची धूम्रपानबंदी अशी कारणे सांगतात. पण मला सर्वांत जबर वाटले ते जागेच्या भावाचे. लंडनमध्ये चालत्या पबपेक्षा त्या जागी काढलेल्या सदनिका मालकाला अधिक पैसा देतात. मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली एका लेखात आपल्या आवडत्या पबचे बारीकसारीक वर्णन करून शेवटी असा पब अस्तित्वातच नाही, असे सांगून टाकले होते. इंग्रजी विभागाच्या प्राध्यापकांना तो ठाऊक असेलच.

आयव्ही हाऊसवरही तीच वेळ आली. एप्रिल २०१२ मध्ये ते बंद झाले. शेजाऱ्यांनी आधी इमारतीला वारसा-संरक्षण मिळवले. मग नव्या स्थानिक अधिकार कायद्याचा (२०११) आधार घेतला. या कायद्याने एखादी वास्तू ‘लोकोपयोगी ठेवा’ म्हणून नोंदता येते आणि मालकाने ती विकायला काढली तर रहिवाशांना पैसा उभारण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मागता येते. मालकाने त्यांनाच विकावी अशी सक्ती मात्र नाही. अशी नोंद झालेली देशातली ही पहिली वास्तू. रहिवाशांनी सहकारी संस्था काढली, भाग विकले, कर्ज व अनुदान मिळवले आणि २०१३ साली ८ लाख १० हजार पौंडांना ती विकत घेतली. भागधारक ३७१. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दारे पुन्हा उघडली. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला सभासद, भाग, वार्षिक सभा हे शब्द त्या फळीपाशी ऐकताना अगदी घरच्यासारखे वाटले. इथेही एका सभासदाला एकच मत. भाग कितीही असोत.

ब्रिटनमध्ये लोकांच्या मालकीचे असे पब आता शंभराहून अधिक आहेत. त्यांतले पुष्कळसे खेड्यांत आहेत. काही ठिकाणी तर त्याच छपराखाली किराणा दुकान आणि पोस्टाची खिडकीही चालते.