भाड्याचं घर (भाग ६) : मालकाचा गीझर, मालकाचा दिवाण

देवळ्यात भाड्याची खोली शोधणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. १९९९ मध्ये देवळा कळवणपासून सुटून स्वतंत्र तालुका झाला, सरकारी कार्यालयं आली. २०१५ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, आरोग्यसेविका, खेड्यांतून कॉलेजला आलेली मुलं हे इथले भाडेकरू. यातलं कुणी टेम्पोभर सामान घेऊन येत नाही, कारण चार-पाच वर्षांत पुन्हा गाशा गुंडाळायचा असतो. म्हणून भाड्याच्याही आधी प्रश्न येतो, "खोलीत सामान काय आहे?" आणि मालक सांगतो, "सगळं आहे ना सर. दिवाण, कपाट, गीझर, पंखे. फक्त अंथरूण घेऊन या."

हे 'सगळं' आलं कुठून, ते विचारावं. मुलाच्या लग्नात नवा बेड आला तेव्हा जुना दिवाण वरच्या मजल्यावर गेला. खाली नवा गीझर बसला तेव्हा जुना भाडेकरूच्या न्हाणीत लागला. टाकवत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही, मग खोलीबरोबर तेही भाड्याने जातं. माझं मत स्पष्ट आहे: तालुक्याच्या गावातल्या 'फर्निश्ड' खोलीत निम्मं सामान ही मालकाची अडगळ असते, आणि ती सांभाळण्याचे पैसे भाडेकरू भरतो. म्हणून खोली बघताना 'हे नको, घेऊन जा' म्हणायला शिकलं पाहिजे. चावी हातात आल्यावर तेच म्हणायला फार उशीर झालेला असतो.

नादुरुस्त वस्तूंत जिवाशी खेळणारी वस्तू आधी पाहू. ती म्हणजे गीझर.

बोअरचं पाणी जड असलं की गीझरच्या कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसत जातो. थराखालची कॉइल जास्त तापते, पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं, इथवर ठीक. पण अशीच तापून कॉइलची बाहेरची नळी फुटली, तर वीज थेट पाण्यात उतरते. अर्थिंग चांगलं असेल तर ती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. "नळाला जरा झिणझिण्या येतात, चप्पल घालून अंघोळ करा," असं सांगणारे मालक आहेत आणि ते ऐकणारे भाडेकरूही आहेत. झिणझिण्या आल्या त्याच क्षणी गीझरचं बटण कायमचं बंद, पुढचं बोलणं नंतर.

अर्थिंग आहे की नाही हे वायरमन पाच मिनिटांत सांगतो. होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब तो खिशातून काढतो. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला, बल्ब पेटतो. मग न्यूट्रलमधलं टोक काढून सॉकेटच्या वरच्या मोठ्या छिद्रात. बल्ब तितकाच लख्ख पेटला तर अर्थिंग आहे, मिणमिणला तर नावापुरतं आहे, पेटलाच नाही तर ते छिद्र शोभेचं आहे. जुन्या बांधकामांत तिसरी वायर ओढलेलीच नसते, तीन पिनांचा सॉकेट मात्र दिमाखात बसवलेला असतो. (हा प्रयोग स्वतः करू नका. बोर्डावर आरसीसीबी असेल तर तो या चाचणीत पडतो, आणि तेही चांगलंच लक्षण आहे.) आरसीसीबी म्हणजे गळती पकडणारा स्विच, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एमसीबी जादा भाराला आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला तो पडेलच असं नाही.

पंख्याचं दुखणं त्यामानाने किरकोळ. गुणगुणतो पण फिरत नाही, हाताने ढकलला की फिरतो, म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. साधारण २.५ मायक्रोफॅरडचा, चहा-नाश्त्याच्या खर्चात येणारा. यासाठी मालकाशी वाद घालू नये.

संध्याकाळी दिवे मंदावले, फ्रिज घरघरला, तर आधी शेजारी डोकवावं. कमी दाबाच्या जोडणीत २३० व्होल्टच्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट चालतात. सगळ्या गल्लीत दिवे मंद असतील तर तक्रार महावितरणकडे, १९१२ वर. फक्त तुमच्याच खोलीत मंद असतील तर मीटरच्या अलीकडची वायरिंग जुनी आहे, आणि ती मालकाची.

आता पैसे कुणी द्यायचे. इथे सगळ्यांचीच गाडी अडते, कारण कायदे तीन आहेत आणि प्रत्येकजण आपल्या सोयीचा सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याच्या अनुसूचींतल्या शहरांना आणि गावांना लागू होतो. त्याच्या कलम १४ नुसार, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने ते केलं नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा; वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशावर जाता कामा नये. महिना ४,००० भाडं असेल तर वर्षाला १२,००० पर्यंत. इमारतीला जोडलेल्या फिटिंग्ज या कायद्याच्या 'जागे'च्या व्याख्येतच येतात. हा अधिनियम लागू नसेल तिथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ आहे. मालक ज्या दुरुस्तीला बांधील आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करण्याची मुभा तेही देतं.

मेख पुढे आहे. आपल्याकडचा ११ महिन्यांचा कागद असतो 'लिव्ह अँड लायसन्स'चा. त्यात तुम्ही भाडेकरू नसता, परवानाधारक असता, आणि वरची वजावटीची वाट भाडेकरूसाठी आहे. परवानाधारकाला १८८२ च्याच सुखाधिकार कायद्याचं कलम ५७ उपयोगी पडतं: जागेतला धोकादायक दोष मालकाला ठाऊक असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. चप्पल घालून अंघोळीचा सल्ला देणाऱ्याला दोष ठाऊक होता, हे त्याच्याच तोंडून निघालेलं असतं. बाकी सगळं करारात काय लिहिलंय त्यावर. आणि करार नोंदवलेलाच नसेल तर? १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो, पण त्यातली दुरुस्तीची वाटणी बघण्यासारखी आहे. वायरिंग, पाइप, रंगरंगोटी मालकाकडे. नळ, स्विच, कड्या-कुलपं आणि गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे! नव्या गीझरला हे रास्त आहे. पण आधीच दहा हिवाळे पाहिलेला गीझर गळ्यात मारून त्याची दुरुस्तीही राहणाऱ्याने करायची, हे मला पटत नाही.

फर्निचरकडे कायद्याचं लक्ष कमीच, तिथे डोळेच कामाला येतात. कपाटाच्या मागे भिंतीवर मातीच्या बारीक वाटा दिसल्या तर ती वाळवी. ती बांधकामातून आलेली असते, तेव्हा खर्च मालकाचा. मातीचा मागमूस नाही, पण पायाशी पिठासारखा भुसा पडतो, तर ते लाकूड पोखरणारे भुंगेरे. कपाट परत करा. दिवाणाची फळी उचलून सांधे बघा, गादीच्या काठची शिवण उलटून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण. एका फवारणीने ते जात नाहीत. अंडी त्यातून वाचतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, म्हणून दुसरी फवारणी लागतेच. ढेकणाचा दिवाण स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये. ढेकूण पुढच्या बदलीच्या गावीही सोबत येतात.

देवळ्यासारख्या गावात मालक खालीच राहतो. त्याला आप्पा किंवा नाना म्हणायचं, सणाला त्याच्याकडची पुरणपोळी खायची आणि त्यालाच नोटीस द्यायची, हे कुणालाही जड जातं. "आप्पा, गीझरचं तेवढं बघा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "कांदा चाळीत आहे सर, भाव निघू दे." भाव कधी निघेल हे उमराण्याच्या व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून तोंडी बोलून झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह दोन ओळी टाकाव्यात: "आप्पा, सकाळी बोलल्याप्रमाणे गीझरला शॉक येतोय, बंद ठेवलाय. रविवारपर्यंत वायरमन आणता का, की मी आणू आणि भाड्यातून वळते करू?" यात भांडण नाही, तारीख आहे. "आणा तुम्हीच" एवढं उत्तर आलं तरी तुमचं काम झालं. वायरमनकडून पावती घ्यायची, गेलेला भाग मालकाला दाखवायचा.

सगळ्यात उपयोगाचा कागद म्हणजे सामानाची यादी. करार करतानाच ती जोडावी, दोघांनी सह्या कराव्यात, आणि वस्तूबरोबर तिची अवस्थाही लिहावी. 'पंखे २' एवढ्याने भागत नाही. 'पंखे २, एकाचा रेग्युलेटर बंद. दिवाण १, मागचा उजवा पाय विटेवर. कपाट १, लॉकरची चावी नाही.' असं लिहिताना मालक हसतो, पण सही करतो. ते केलं नाही तर खोली सोडताना त्या विटेवरच्या पायाचे पैसे अनामतीतून कापले जातात. वापराने होणारी सर्वसाधारण झीज राहणाऱ्याच्या माथी मारता येत नाही, हे कलम १०८ नेच भाडेकरूसाठी सांगितलंय. तरीही झीज कुठली आणि मोडतोड कुठली, हे ठरवायला आधीची अवस्था कुठेतरी लिहिलेली लागते.

(पुढील आठवड्यात : बोअर, टाकी आणि मोटारीचं वीजबिल)