सेल्युकसचं घराणं : पाचशे हत्ती आणि एक वर्षगणना

सेल्युकस निकेटर हे नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं, पण एका ओळीपुरतंच. चंद्रगुप्त मौर्याने त्याला हरवलं, त्याने आपली मुलगी चंद्रगुप्ताला दिली, धडा संपला. प्रत्यक्षात ह्या माणसाने स्थापलेल्या ग्रीक घराण्याने पुढे जवळजवळ अडीचशे वर्षं आशियात राज्य केलं. ते कशावर उभं राहिलं आणि कशामुळे कोसळलं, हे आज आपण पाहू.

सुरुवात अलेक्झांडरपासून करू. इ.स.पू. ३२४ मध्ये सूसा इथे त्याने आपल्या सरदारांची लग्नं इराणी कुळांतल्या मुलींशी लावून दिली. सेल्युकसच्या वाट्याला आली अपामा, सोग्डियानाच्या स्पितामेनिसची मुलगी. हा स्पितामेनिस म्हणजे अलेक्झांडरशी कडवी झुंज दिलेला माणूस. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये वारला आणि बहुतेक सरदारांनी ह्या बायका सोडून दिल्या असं मानलं जातं. सेल्युकसने अपामाला सोडलं नाही. म्हणजे बघा, ज्याला आपण ग्रीक घराणं म्हणतो, त्याचा दुसराच राजा, पहिला अँटिओकस, आईकडून मध्य आशियातला होता.

सेल्युकसला बॅबिलोनचा सुभा मिळाला, पण अँटिगोनस ह्या बलाढ्य सरदाराने त्याला तिथून पळवून लावलं. तो इजिप्तला टॉलेमीच्या आश्रयाला गेला. तिथून तो परतला तेव्हा बरोबर किती फौज होती? ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, सुमारे ८०० पायदळ आणि २०० घोडेस्वार. एवढ्यावर त्याने बॅबिलोन परत घेतलं. इ.स.पू. ३१२-३११ ची ही घटना लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

आता चंद्रगुप्ताकडे वळू. सेल्युकस सिंधूपर्यंत आला आणि इ.स.पू. ३०३ च्या सुमारास दोघांत तह झाला. लढाई कशी झाली, कोण जिंकलं, ह्याचं वर्णन कुठल्याही प्राचीन लेखकाने केलेलं नाही. लग्नसंबंध जुळला असं ते म्हणतात, पण कोणाची मुलगी कोणाला दिली हे सांगत नाहीत. तहाच्या अटी मात्र बोलक्या आहेत. आजच्या अफगाणिस्तानातला कंदाहारकडचा आणि हिंदुकुशाच्या पायथ्याचा मुलूख चंद्रगुप्ताकडे गेला आणि सेल्युकसला मिळाले ५०० हत्ती. मग मेगॅस्थेनिस हा त्याचा वकील पाटलीपुत्राला आला.

हा सौदा तोट्याचा होता का? इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या रणांगणावर त्याचं उत्तर मिळालं. अँटिगोनसचा मुलगा घोडदळ घेऊन शत्रूचा पाठलाग करत फार पुढे गेला. परत फिरला तर मध्ये हत्तींची भिंत! घोडे हत्तींजवळ जाईनात. तिकडे बाप एकटा पडला आणि मारला गेला. सेल्युकसला सीरिया मिळाला आणि त्याने तिथे अँटिओक शहर वसवलं. हत्तींचा तळ अपामेआला होता. हे नाव त्याच्या बायकोवरून ठेवलेलं.

पण एवढ्या पसरलेल्या राज्यात ग्रीक होते मूठभर. बाकीच्यांनी त्यांना राजा का मानावं? ब्रिटिश म्युझियममध्ये मातीचा एक छोटा लेख आहे, बॅबिलोनजवळच्या बोर्सिप्पाचा, अक्कडी भाषेत आणि कीलाकार लिपीत. त्यात पहिला अँटिओकस म्हणतो की नाबू देवाच्या मंदिराच्या पायाच्या विटा मी स्वतःच्या हातांनी घडवल्या. म्हणजे तिथल्या देवाचा यजमान झाल्याशिवाय तिथलं राज्य टिकत नाही, हे त्याला कळलं होतं. आपल्याकडे अशोकाच्या शिलालेखांत 'अंतियोक' नावाचा यवन राजा येतो, तो बहुधा ह्याचाच मुलगा, दुसरा अँटिओकस.

मग बिघडलं कुठे? इ.स.पू. २५० नंतर बॅक्ट्रिया आणि पार्थिया हातचे गेले. राजा पश्चिमेला लढत असला की पूर्व सुटायची आणि पूर्वेला गेला की पश्चिम. तिसऱ्या अँटिओकसने पुन्हा हिंदुकुशापर्यंत मजल मारली, सुभागसेन नावाच्या भारतीय राजाकडून हत्तीही घेतले. पण नंतर तो रोमशी भिडला आणि मॅग्नेशियाला हरला. इ.स.पू. १८८ च्या तहात त्याला टॉरस पर्वतापलीकडचा मुलूख सोडावा लागला, हत्ती बाळगायला बंदी आली आणि एकूण १५,००० टॅलेंट चांदीची खंडणी मानगुटीवर बसली. पैसा आणायचा कुठून? पुढच्याच वर्षी एलिमाइसमधलं एक मंदिर लुटायला गेला असताना लोकांनी त्याला ठार मारलं. पणजोबाने मंदिरासाठी विटा घडवल्या, पणतू मंदिर लुटताना मेला. आमच्या मते ह्या घराण्याची सगळी शोकांतिका ह्यात आली.

त्याचा मुलगा चौथा अँटिओकस. त्याने जेरुसलेमचं मंदिर लुटलं आणि इ.स.पू. १६७ मध्ये ज्यूंच्या धर्माचरणावरच घाला घातला. त्यातून मक्काबींचं बंड पेटलं. ते मंदिर पुन्हा शुद्ध केल्याची आठवण म्हणून ज्यू लोक आजही हनुक्का साजरा करतात. आणि हत्ती? बंदी मोडून ठेवले म्हणून रोमच्या वकिलाने इ.स.पू. १६२ मध्ये त्यांच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या. लोक इतके चिडले की त्या वकिलाचाच खून झाला. नंतर भाऊबंदकी माजली, बॅबिलोन पार्थियनांनी घेतलं आणि इ.स.पू. ६४ मध्ये पाँपीने उरलेला सीरिया रोमला जोडून टाकला.

आता त्या इ.स.पू. ३१२-३११ कडे परत येऊ. पूर्वी वर्षं राजाच्या कारकिर्दीवरून मोजत, अमक्याचं पाचवं वर्ष असं. राजा गेला की गणती पुन्हा एकपासून. अशोकाचे लेखही त्याच्या अभिषेकापासूनच वर्षं मोजतात. सेल्युकसच्या राज्यात बॅबिलोन परत घेतल्यापासून वर्षं मोजू लागले. इ.स.पू. २८१ मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा मुलाने गणती नव्याने सुरू केली नाही, तीच पुढे चालवली. बोर्सिप्पाच्या त्या लेखावर वर्ष आहे ४३, म्हणजे इ.स.पू. २६८. राजे बदलत राहिले, आकडा मात्र थांबला नाही.

घराणं बुडाल्यावरही बॅबिलोनचे ज्योतिषी हीच गणना वापरत राहिले. सीरियातल्या ख्रिस्ती लोकांनी ती 'ग्रीकांचं वर्ष' म्हणून कितीतरी शतकं वापरली, येमेनमधल्या ज्यूंनी तर अगदी अलीकडेपर्यंत. आपल्या पंचांगावर 'शके' लिहिलेलं असतं, तेव्हा ती गणना सुरू करणाऱ्या राजाची कोणाला आठवण येते? तसंच हे. हत्ती गेले, मुलूख गेला, मागे राहिली ती सामान्य माणसाच्या करारपत्रावरची तारीख. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.