जूनो-१०६ : मुका झालेला सूर शोधताना

रोलँडचा जूनो-१०६ हा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर १९८४ साली आला. त्यावर एका वेळी सहा सूर वाजतात. त्यातला एखादा मुका होणं, खरखरणं किंवा पट्टी सोडल्यावरही रेंगाळणं, हे त्याचं नेहमीचं दुखणं.

● कारण : प्रत्येक सुरामागे ‘८००१७ए’ हे एक मॉड्यूल असतं. फिल्टर आणि आवाजाची पातळी तेच सांभाळतं. त्यावरच्या काळ्या इपॉक्सी लेपातून कालांतराने वीज झिरपू लागते.

● निदान : ‘की ट्रान्स्पोज’ बटण दाबून धरून वाद्य सुरू करा. एकेक पट्टी दाबताच त्या सुराचा क्रमांक डिस्प्लेवर उमटतो. दोष एकाच क्रमांकाला असेल, तर मॉड्यूलवर संशय घ्या; सगळेच सूर बिघडले असतील, तर आधी वीजपुरवठा तपासा.

● उपाय : मॉड्यूल डीसोल्डर करून अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा. लेप मऊ पडला की अलगद सोला. जोर लावला तर आतले इवलेसे भाग निखळतात. परत बसवताना सॉकेट वापरा.

● खबरदारी : अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, खिडक्या उघड्या ठेवा. मेमरीची बॅटरी बदलण्याआधी १२८ पॅचेस टेपवर उतरवून घ्या, नाहीतर ते पुसले जातात. बिघडलेलं मूळ मॉड्यूल फेकू नका. लेप काढल्यावर ते बरेचदा पुन्हा वाजू लागतं.