पडदा उतरल्यावर घरी काय आणाल?

पेरणी, फवारणी, बाजारभाव आणि पीककर्जाच्या पानांत सिनेमाचे काय काम, असे एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाला वाटेल. पण खरे सांगा, तुमच्या घरात गेल्या महिनाभरात कोणीच सिनेमा पाहिला नाही, असे झाले आहे का? शाळकरी मुलगा मोबाईलवर पाहतो, सूनबाई दुपारची कामे आटोपून टीव्हीवर पाहते आणि कापसाचा चुकारा हाती आला की तरुण मंडळी मोटारसायकल काढून तालुक्याला, नाहीतर थेट नागपूरला पोचतात. तिकीट, पेट्रोल, मध्यंतरातला चहा-चिवडा यांचा हिशेब मांडला, तर एका माणसामागे मजुराची दिवसभराची मजुरी सहज खर्च होते. बियाण्याची पिशवी घेताना आपण चार दुकानी चौकशी करतो. मग सिनेमा निवडताना नुसते पोस्टर पाहून का जावे?

म्हणून गेल्या काही वर्षांत गाजलेल्या आणि श्वास रोखायला लावणाऱ्या काही चित्रपटांविषयी माझी मते तुमच्यापुढे ठेवतो. ती तुम्हाला पटलीच पाहिजेत असे नाही. घरात त्यावर वाद झाला तरी चालेल.

गल्ला वेगळा, गुण वेगळा

नागपूर हे सिनेमावेडे शहर. पंचशील चौकासारखे ठिकाण तर सिनेमागृहाच्याच नावाने ओळखले जाते. सिनेमाच्या धंद्यात आपल्या विदर्भाला आजही ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात गेला, जुन्या प्रांताचे नाव नकाशावरून पुसले गेले, पण वितरकांच्या वहीत ते अजून टिकून आहे. त्या वहीत एकच गोष्ट लिहिली जाते, ती म्हणजे गल्ला. ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्दही गल्ल्यावरूनच ठरतो. किती लोक आत गेले, हे तो सांगतो. ते बाहेर येताना काय घेऊन आले, हे तो सांगत नाही.

‘तुंबाड’चे उदाहरण घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये लागला, तेव्हा गल्ल्याच्या हिशेबात त्याला कोणी मोठा म्हटले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चित्रपटात एक फ्रेमही बदललेली नव्हती. मधल्या सहा वर्षांत लोकांनी एकमेकांना सांगितले, एवढेच. कोकणातल्या सततच्या पावसात, पडक्या वाड्यात दडलेल्या सोन्यामागे लागलेल्या बापलेकांची ही गोष्ट आहे. भुताची भीती त्यात आहेच, पण त्याहून मोठी भीती हावेची आहे. बाप जे करतो ते मुलगा बारकाईने पाहत असतो आणि त्याच्याही पुढे जातो. शेत विकून रातोरात श्रीमंत होण्याच्या गोष्टी जिथे रोज कानावर येतात, त्या प्रत्येक गावाने हा चित्रपट पाहावा. लहान मुलांना मात्र सोबत बसवू नका.

‘छावा’ आणि महालातली रात्र

आता गल्लाभरू चित्रपटाकडे येऊ. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागलेला लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. विकी कौशल संभाजी महाराजांच्या भूमिकेत आणि अक्षय खन्ना औरंगजेबाच्या भूमिकेत आहेत. जगभरचा गल्ला आठशे कोटींच्या घरात गेला. गावोगावची माणसे गाड्या करून आली. शेवटच्या अर्ध्या तासात थिएटरात हुंदके ऐकू येत.

माझे मत विचाराल तर विकी कौशलने जीव ओतला आहे आणि लढाया डोळे दिपवणाऱ्या आहेत. पण संभाजी महाराज संस्कृत जाणणारे होते, ‘बुधभूषण’ हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. कारभार करणारा, अनेक शत्रूंना एकाच वेळी तोंड देणारा तो राजा चित्रपटात मला कमीच भेटला. गर्जना भरपूर आहेत आणि शेवटचा छळ फार लांबवला आहे. राजाचे मरण मनात राहते, पण राज्य कसे चालवले ते राहत नाही.

आणि आता नागपूरचे. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीसाठी महाल भागात आंदोलन झाले. मग अफवा पसरल्या आणि रात्री दगडफेक व जाळपोळ झाली. अनेक भागांत काही दिवस संचारबंदी लागली. जखमी झालेल्या एका माणसाचा जीव गेला. ‘छावा’नंतर औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा वर आला, असा उल्लेख मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत केला.

एका चित्रपटाने दंगल घडवली, असे मी म्हणणार नाही. त्यामागे अफवा होत्या, ती पसरवणारे होते, आधीपासून साचलेले बरेच काही होते. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाचा राग आज शेजारच्या दुकानदारावर काढायचा नसतो, हे आपल्या मुलाला कोणी सांगायचे? ते काम दिग्दर्शकाचे नाही. ते थिएटरातून घरी परतताना बापाने आणि आईने करायचे आहे. संचारबंदीत सर्वांत आधी हातावर पोट असणाऱ्याची चूल विझते, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

नागपूरच्या पोरांचा ‘झुंड’

गल्ल्यात मागे पडलेला, पण नागपूरकरांनी आणि तुम्हीही न चुकता पाहावा असा चित्रपट म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. तो ४ मार्च २०२२ रोजी लागला. मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’ने मराठी चित्रपटाच्या कमाईचे सगळे विक्रम मोडले होते. ‘झुंड’मध्ये तर अमिताभ बच्चन होते, तरी तेवढी गर्दी झाली नाही.

गोष्ट खरी आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात काही झोपडपट्टीतली मुले एक फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडताना पाहिली. त्यांनी मुलांना खरा चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले आणि मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोचली. चित्रपटात मंजुळे यांनी नागपुरातलीच साधी पोरे घेतली. त्यांची बोली, त्यांच्या शिव्या, त्यांचे लाजणे सगळे आपले वऱ्हाडी-नागपुरी आहे. त्यांतल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

लांबी जास्त आहे, हे खरे. पण कुंपणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भारत असा उघडा दाखवणारे चित्रपट थोडे. आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. या चित्रपटात काम केलेला एक तरुण ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरातच खुनाला बळी पडला. पडद्यावर टाळ्या मिळाल्या म्हणून वस्तीतले आयुष्य आपोआप बदलत नाही. मैदान, शाळा आणि काम हे तिघे टिकून राहिले तरच ते बदलते. ही गोष्ट गावातल्या रिकाम्या फिरणाऱ्या पोरांनाही तेवढीच लागू आहे.

श्वास रोखायला लावणारी कला

रहस्यपटांची आवड आपल्याकडे जुनी आहे. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’ इतका गाजला की त्यावरून १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. १९७६ चा ‘हा खेळ सावल्यांचा’ जत्रेतल्या तंबूत बसून पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत.

धक्का आणि उत्कंठा यांत फरक असतो. परदेशातला मोठा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक तो असा समजावून सांगे: टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच ठाऊक नसताना तो फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असून टेबलावर माणसे गप्पा मारत बसली असतील, तर तो शेवटपर्यंत तळमळतो. तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. वेचलेला कापूस अंगणात पडला आहे आणि पश्चिमेकडून आभाळ भरून येत आहे, तेव्हाची जी तगमग, तीच ही.

‘दृश्यम्’मध्ये हीच तगमग आहे. मूळ चित्रपट २०१३ चा मल्याळम. हिंदीत तो २०१५ साली आपल्या निशिकांत कामत यांनी केला. गोव्यातल्या लहानशा गावात केबलचा धंदा करणारा, चौथीपर्यंत शिकलेला विजय साळगावकर आपल्या बायकामुलींना वाचवण्यासाठी पोलिसांशी बुद्धीने लढतो. काय घडले हे आपल्याला ठाऊक असते. तो निसटेल का, एवढेच ठाऊक नसते. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची शक्ती बंदुकीत नाही, सिनेमे पाहून तयार झालेल्या निरीक्षणात आहे. पण पाहताना एक प्रश्न स्वतःला विचारा: समोर उभी असलेली पोलीस अधिकारीही एका मुलाची आईच आहे ना? तब्बूने ती भूमिका अशी केली आहे की आपण कोणाच्या बाजूला आहोत हे क्षणभर कळेनासे होते. २०२२ चा दुसरा भागही पाहण्यासारखा आहे, मात्र पहिला आधी पाहा.

उसाच्या फडातली भीती

शेतकरी घरासाठी मी एकच भयपट सुचवायचा ठरवला, तर तो विशाल फुरिया यांचा २०१७ चा ‘लपाछपी’. एक गरोदर बाई आणि तिचा नवरा उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या घरात आसऱ्याला येतात. चोहोबाजूंनी माणसाच्या डोक्याहून उंच ऊस. वाट सापडत नाही. रात्री पाणी द्यायला फडात गेलेल्या कोणालाही ती सळसळ ओळखीची वाटेल. पूजा सावंतने ही बाई जीव तोडून उभी केली आहे. हिंदीत पुढे यावरून ‘छोरी’ निघाला, पण मूळ मराठीच जास्त अंगावर येतो.

शेवट सांगून मी तुमची मजा घालवणार नाही. एवढेच सांगतो की या चित्रपटातले भूत विहिरीतून येत नाही, ‘मुलगाच हवा’ या हट्टातून येते. घरात सून गरोदर असेल तर तिला दाखवू नका. तिच्या सासूला आणि नवऱ्याला जरूर दाखवा.

जून २०२५ मध्ये लागलेला हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ही चांगला आहे. आपल्यावर कोणीतरी जारण केले आहे, अशी धास्ती लहानपणापासून मनात बसलेली बाई अमृता सुभाषने विलक्षण ताकदीने साकारली आहे. हा मनाचा आजार की खरोखर करणी, असा हेलकावा चित्रपट देत राहतो. थिएटरात तो हेलकावा गोड वाटतो. गावात मात्र तो जीवघेणा ठरतो. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या एका गावात ऑगस्ट २०२१ मध्ये करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारहाण झाली. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो अशाच गोष्टींसाठी. कोणी घुमू लागले, बडबडू लागले, तर मांत्रिकाकडे नेऊ नका आणि शेजारच्या विधवेकडे बोट दाखवू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडे न्या.

जाण्यापूर्वी आणि आल्यावर

एक, पहिल्याच दिवशी धावू नका. आठवडाभर थांबा, पाहून आलेल्या दोघा-तिघांना विचारा. चांगला चित्रपट आठ दिवसांत शिळा होत नाही.

दोन, पोस्टरवरचे ‘ए’ किंवा ‘यूए’ हे अक्षर वाचा. ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. मोबाईलवर हे अक्षर कोणी दारात उभे राहून तपासत नाही, ते आपणच तपासायचे.

तीन, रहस्यपट पाहून आलात तर शेवट कोणाला सांगू नका. दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेण्यासारखे ते आहे.

चार, घरातल्या बाईला कधीतरी तिच्या आवडीचा चित्रपट निवडू द्या. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा बायकांचे घोळकेच्या घोळके थिएटरांत गेले होते. ते कोणाला विचारून गेले नव्हते, आणि चूल कुठेही बंद पडली नाही.

आणि शेवटचे. परतीच्या वाटेवर मुलांशी बोला. कोण आवडले, कोणाचा राग आला, का आला, ते विचारा. सिनेमावाल्याचे काम दिवे लागले की संपते, आपले तिथून पुढे सुरू होते. या दिवाळीनंतर, कापूस आणि सोयाबीनचे पैसे हाती आले की घरच्या सगळ्यांना घेऊन एखादा चांगला चित्रपट पाहा. कसा वाटला ते पोस्टकार्डावर लिहून आम्हाला जरूर कळवा.