मोटारीतील बिनभाड्याचे बिऱ्हाड

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेले कुटुंब पंधरा-वीस दिवसांनी परतते. सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार बाहेर काढण्यासाठी किल्ली फिरवली जाते आणि डॅशबोर्डवर नको ते दिवे लुकलुकू लागतात. एसी लावताच कुबट दुर्गंधी येते. गॅरेजमध्ये बॉनेट उघडल्यावर उलगडा होतो. सुकी पाने, कागदाचे कपटे आणि आसनाखालच्या फोमचे तुकडे यांचे नीटनेटके घरटे इंजिनाच्या कोपऱ्यात बांधलेले असते आणि आजूबाजूच्या वायरी कुरतडलेल्या असतात. मूषक हे गणरायाचे वाहन खरे; पण शहरात त्याने माणसाच्या वाहनातच बिऱ्हाड थाटले आहे.

हा अनुभव नवा नाही. मात्र २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीत लाखो वाहने आठवडेच्या आठवडे जागची हलली नाहीत, तेव्हा अनेकांना त्याची पहिल्यांदा जाणीव झाली. उंदरांना आकर्षून घेते ती मोटार नव्हे, तर तिचे निश्चल उभे राहणे, हा त्यातून मिळालेला खरा धडा होय.

उंदीर मोटारीतच का शिरतो?

उंदराला निवारा, शांतता आणि जवळपास अन्न या तीन गोष्टी हव्या असतात. उभी मोटार पहिल्या दोन गोष्टी विनासायास पुरवते. इंजिन बंद केल्यानंतरही बराच वेळ ऊबदार राहते आणि बॉनेटखाली मांजराचे पंजे पोहोचत नाहीत. पावसाळ्यात बिळांत पाणी भरले की उंदीर उंच आणि कोरडी जागा शोधू लागतात. तिसरी गोष्ट, म्हणजे अन्न, वाहनधारकच पुरवतात. आसनाखाली सांडलेला फरसाण, मुलांच्या बिस्किटांचा चुरा किंवा वाहनतळाशेजारी ठेवलेले कचऱ्याचे डबे त्याला पुरेसे होतात.

घरातील लहान उंदीर अवघ्या ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फटीतूनही आत शिरतो. मोटारीच्या खालच्या बाजूला अशा कितीतरी फटी असतात. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेळी तिला पाच-सहा किंवा त्याहून अधिक पिल्ले होतात. थोडक्यात, महिनाभर न हललेली मोटार हे त्यांचे प्रसूतिगृह ठरू शकते.

वायरी कुरतडण्यामागे द्वेष नाही, देहधर्म आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडूनच ते झिजवावे लागतात. हल्ली वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून बनवलेले घटक असल्याने उंदीर ती खातात, असे सांगितले जाते. अशा वायरी येण्यापूर्वीही उंदीर वायरी कुरतडतच होते, त्यामुळे केवळ या कारणावर बोट ठेवता येत नाही.

नुकसान केवळ पैशाचे नाही

एखादी वायर तुटली तर ती जोडता येते. संपूर्ण वायरिंग हार्नेस बदलावा लागला तर खर्च डोळे पांढरे करणारा असतो. त्याहून गंभीर आहे तो सुरक्षेचा प्रश्न. उघड्या पडलेल्या वायरींमुळे शॉर्टसर्किट होऊ शकते आणि घरट्यातील सुका पाचोळा इंजिनाच्या तापलेल्या भागाला लागून पेट घेऊ शकतो. एबीएसच्या सेन्सरची वायर तुटल्यास ऐन वेळी ब्रेक लावताना ती यंत्रणा साथ देत नाही. इंधनाची नळी कुरतडली गेली असेल तर धोका आणखी वाढतो. पेट्रोलचा वास आल्यास किंवा ब्रेकचा इशारा देणारा दिवा लागल्यास मोटार न चालवता टो करूनच न्यावी.

आरोग्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाची झळ सोसली आहे. हे जंतू त्वचेवरील जखमांतून, तसेच डोळे, नाक व तोंडावाटे शरीरात शिरतात. म्हणूनच घरटे उघड्या हातांनी काढू नये.

घरटे आढळल्यास

प्रथम छायाचित्रे घ्यावीत, ती विम्याच्या दाव्यासाठी उपयोगी पडतात. त्यानंतर मोकळ्या जागेत दारे, बॉनेट व डिकी अर्धा तास उघडी ठेवावी. इंजिन थंड असावे आणि बॅटरीची जोडणी काढलेली असावी. हातात रबरी मोजे घालून, तोंडाला मास्क लावून घरटे व लेंड्यांवर जंतुनाशक शिंपडावे. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी हे मिश्रण चालते, मात्र ते वायरींच्या जोडांवर पडू देऊ नये. पाच मिनिटांनी सर्व ओल्या कागदाने उचलून पिशवीत बंद करावे. कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरल्यास दूषित धूळ हवेत उडते. ग्लोव्ह बॉक्समागील एसीचा फिल्टर मेकॅनिककडून अवश्य तपासून घ्यावा. स्कूटरच्या बाबतीत सीटखालची जागा आणि एअर फिल्टर पाहावा. उंदरांच्या मागोमाग कधीकधी सापही येतो. तसे आढळल्यास स्वतः हात न घालता वनविभाग किंवा सर्पमित्रांना कळवावे.

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या वाहनाची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असला तरी उंदरांनी केलेले नुकसान त्यात अंतर्भूत आहे की त्यासाठी जादा संरक्षण घ्यावे लागते, हे पॉलिसीत पाहावे. दुरुस्तीपूर्वीच विमा कंपनीला कळवणे हिताचे.

उपाय कोणते, भ्रम कोणते?

इंजिनात तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय सर्वतोमुखी आहे. वास उडाला की त्याचा उपयोग संपतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ बंद मोटारीत प्रवाशांनाच अपायकारक ठरते. अल्ट्रासॉनिक उपकरणांबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना ताकीद दिली होती की, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. विषारी गोळ्यांनी उंदीर मरतो खरा, पण तो डॅशबोर्डच्या आत मेला तर दुर्गंधीवर इलाज सापडत नाही. शिवाय तो उंदीर खाणारी मांजरे आणि घुबडे हकनाक बळी पडतात, आवारात खेळणाऱ्या मुलांना असलेला धोका वेगळाच.

खरा उपाय साधा आहे. मोटार दोन-तीन दिवसांआड चालवावी, निदान बॉनेट उघडून पाहावी. रात्री बॉनेट ठोकून मगच इंजिन सुरू करावे. आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. मोटार उभी करताना एसी आतली हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवल्यास बहुतेक मोटारींत बाहेरच्या हवेची वाट बंद राहते. परगावी जाताना किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. पिंजरे मोटारीत नव्हे, तर वाहनतळाच्या भिंतीलगत लावावेत, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच ये-जा करतात.

मात्र एकाने मोटार स्वच्छ ठेवली आणि शेजारीच उघडा कचरा साचत राहिला, तर उंदीर फक्त पत्ता बदलतो. कचऱ्याचे डबे झाकणे, बिळे बुजवणे, महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली वाहने हलवणे ही कामे सोसायटीने मिळूनच करायची आहेत. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, या वादात सभा संपते आणि इकडे बॉनेटखाली दुसरी वीण जन्माला येते.