पुसलेली अक्षरे वाचणे: प्रतिमा, पिक्सेल आणि मशीन लर्निंग

चर्मपत्र महाग असल्यामुळे पूर्वी जुन्या ग्रंथाची शाई घासून काढत आणि त्याच पानांवर नवा मजकूर लिहीत. अशा हस्तलिखिताला पॅलिम्पसेस्ट म्हणतात. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील ग्रीक प्रत अशीच पुसली गेली आणि १२२९ मध्ये तिच्या पानांचे प्रार्थनापुस्तक झाले. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी भिंगाच्या साहाय्याने त्यातील बराच भाग वाचला. उरलेल्या भागासाठी १९९९ पासून बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात काम झाले. आर्किमिडीजचा ‘मेथड’ हा ग्रंथ फक्त याच प्रतीत टिकला आहे. त्यामुळे एखादे अक्षर चुकीचे वाचले, तर ते पडताळायला दुसरी प्रत नाही. पुढील सर्व पद्धती हे लक्षात ठेवून समजून घ्या.

१. शाई पुसल्यावर काय उरते?

शाईचा अंश चर्मपत्रात मुरलेला असतो. अतिनील किरणांत चर्मपत्र निळसर चमकते, पण शाईचा अंश जिथे आहे तिथे ही चमक कमी होते. तांबड्या प्रकाशात मात्र तो फिकट अंश जवळजवळ दिसेनासा होतो. वरची नवी शाई दोन्हींत काळीच दिसते.

२. दोन प्रतिमांची वजाबाकी

समजावून घेण्यासाठी पिक्सेलची तेजस्विता (० ते २५५) अशी धरू:

- कोरे चर्मपत्र: तांबडा २००, अतिनील २००, फरक ०
- वरची शाई: तांबडा ४०, अतिनील ४०, फरक ०
- पुसलेली शाई: तांबडा १८०, अतिनील ११०, फरक ७०

फरक फक्त पुसलेल्या शाईपाशी उरतो. तांबडी प्रतिमा लाल वाहिनीत आणि अतिनील प्रतिमा हिरव्या व निळ्या वाहिनीत ठेवली, तर जुनी अक्षरे लालसर आणि नवी काळी दिसतात.

काही पानांवर विसाव्या शतकात बनावट चित्रे रंगवली होती. त्यांच्याखाली प्रकाश पोहोचत नाही. तिथे स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनमधील क्ष-किरणांनी शाईतील लोहाचा नकाशा काढण्यात आला.

३. मशीन लर्निंग कुठे येते?

समजा १२ तरंगलांबींत छायाचित्रे घेतली. आता प्रत्येक पिक्सेल हा १२ संख्यांचा सदिश झाला. कोणती वजाबाकी करायची हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. मुख्य घटक विश्लेषणात सहप्रसरण सारणीचे आयगेन सदिश काढून नव्या प्रतिमा मिळवतात. जुना मजकूर बहुधा त्यांपैकी एखादीत उठून दिसतो. दुसरा मार्ग वर्गीकरणाचा: तज्ज्ञांनी ‘जुनी शाई’, ‘नवी शाई’, ‘कोरे’ अशी खूण केलेल्या पिक्सेलवर प्रारूप प्रशिक्षित करायचे.

४. सावधगिरी

प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे तपासणाऱ्या प्रारूपाला अक्षरे माहीतच नसतात. ते फक्त शाई ओळखते. मोठ्या चौकटी पाहणारे न्यूरल नेटवर्क मात्र अक्षरांचे आकार शिकते आणि शाई नसतानाही संभाव्य अक्षर पूर्ण करू शकते. चित्र सुबक दिसते, पण ते अक्षर आर्किमिडीजचे नसून प्रारूपाचे असते. म्हणून:

- प्रशिक्षण आणि चाचणीसाठी वेगवेगळी पाने वापरावीत.
- कोऱ्या जागेवर प्रारूप चालवून ‘अक्षरे’ उमटतात का ते पाहावे.
- मूळ प्रतिमा नेहमी निकालासोबत द्याव्यात.

सरावासाठी

१. वरची शाई अतिनील प्रतिमेत ४० ऐवजी २० धरली, तर फरकाच्या प्रतिमेत काय दिसेल? त्यामुळे जुने अक्षर वाचताना कोणती अडचण येईल?
२. एकाच पानाचे पिक्सेल प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्हींसाठी वापरले, तर अचूकता फसवी का ठरते?